आईचे सतरा वर्षांचे कागद शोधताना

आईची दाढ काढायची होती. ३ मार्चला पहिल्यांदा हॉस्पिटलात गेलो आणि दाढ निघाली २४ एप्रिलला. मधले साडेसात आठवडे जवळजवळ सगळे कागदांच्या मागे गेले. घरात जुन्या ऑपरेशनचं माणूस असेल आणि गाव किंवा डॉक्टर बदलायची वेळ आली असेल, तर उपयोगी पडेल म्हणून तारखा आणि खर्चासकट सगळं लिहून ठेवते आहे.

थोडं मागचं सांगते. आईला लहानपणी सांधे सुजून ताप यायचा. तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पन्नाशीत जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा कळलं की त्या तापाने हृदयाचा व्हॉल्व्ह आकसला आहे. ऑगस्ट २००८ मध्ये मिरजेला ऑपरेशन होऊन कृत्रिम व्हॉल्व्ह बसवला, ज्याला सगळे ‘मेटलचा’ म्हणतात तो. तेव्हापासून रक्त पातळ राहायची गोळी रोज, जन्मभर. गोळी कमी पडली तर व्हॉल्व्हवर गुठळी धरते, जास्त झाली तर रक्तस्राव होतो. म्हणून दर महिन्याला पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी, करायचं. आईचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहायला हवा. सांगलीत आमच्या फॅमिली डॉक्टरांनी तो सतरा वर्षं सांभाळला. बाबा गेल्यावर जानेवारी २०२५ मध्ये मी आईला पुण्याला आणलं, आणि आमचं आणि त्या डॉक्टरांचं अंतर एकदम अडीचशे किलोमीटर झालं.

३ मार्च, सोमवार. पुण्यातलं मोठं हॉस्पिटल, सगळं कॉम्प्युटरवर. केसपेपर नाही, नुसता एक नंबर आणि बारकोडची चिकटपट्टी. नाव, वय, मोबाईल, पत्ता विचारून झाल्यावर काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “आजी, कशाची ॲलर्जी?” आई म्हणाली, “नाही बाई.” मी बाजूला पैसे भरत होते. फी ९०० रुपये, टू-डी इकोचे (हृदयाच्या सोनोग्राफीचे) २,२०० वेगळे.

इको झाल्यावर हृदयाच्या डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवला. व्हॉल्व्हमधून रक्त जाताना किती दाब पडतो त्याचा सरासरी आकडा ७ आला होता. ते म्हणाले, “सात हा आकडा एकटा काही सांगत नाही. ऑपरेशननंतर सुरुवातीला तो सहा-सात असेल, तर व्हॉल्व्ह आहे तसा आहे. तीन-चार असेल, तर आत काहीतरी साचतंय असं मी धरेन. जुना इको द्या. आणि व्हॉल्व्ह कुठला, किती साईजचा ते सांगा.” जुनं काही मिळालं नाही तर घशातून नळी घालून इको करावा लागेल, म्हणाले. तो होईपर्यंत दाढेला हात लावायचा नाही.

मी पिशवी टेबलावर उपडी केली. त्यात डिस्चार्ज कार्ड नव्हतं.

ते नसणार हे मला माहीत होतं, तरी प्रत्येक वेळी आशा वाटते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली होती. गावभागात आमचं घर तळमजल्यावर. ऑपरेशनची फाईल, आधीचे-नंतरचे इको, छातीचे एक्स-रे, सगळं पत्र्याच्या ट्रंकेत होतं. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तेव्हा आत कागद नव्हते, लगदा होता. बोटीतून बाहेर पडताना आईने दोनच वस्तू घेतल्या होत्या. गोळ्यांचा डबा आणि आयएनआर लिहायची वही.

पुरानंतरचे ईसीजी तरी असतील म्हणून मी पिशवीतलं पाकीट उघडलं. पुन्हा भिजू नयेत म्हणून आईने ते पैसे देऊन लॅमिनेट करून घेतले होते. तीनही पट्ट्या काळ्या ठिक्कर. ईसीजीचा कागद उष्णतेवर उमटणारा असतो, त्याला गरम रोलरखालून काढलं की अख्खा कागद काळा होतो. आईला हे त्या दिवशी डॉक्टरांसमोर कळलं. ती काही बोलली नाही, फक्त त्या काळ्या पट्ट्या परत पाकिटात नीट घालून ठेवल्या. ईसीजी आणि चकचकीत कागदावरचे इकोचे फोटो हातात आल्या दिवशीच त्यांची साधी झेरॉक्स काढा. नुसते ठेवले तरी ते चार-सहा वर्षांत फिके पडतात.

तिथून त्याच हॉस्पिटलातल्या दातांच्या विभागात गेलो, तारीख पुढे ढकलायची म्हणून. कृत्रिम व्हॉल्व्ह असेल तर दाढ काढण्याआधी अँटिबायोटिक द्यावं लागतं, नाहीतर तोंडातले जंतू रक्तातून व्हॉल्व्हवर जाऊन बसू शकतात. त्यांनी ते आधीच लिहून दिलं. स्वच्छ छापील चिठ्ठी, एक अक्षर गिचमिड नाही. ॲमॉक्सिसिलिन, दोन ग्रॅम, एक तास आधी. वरच्या कोपऱ्यात छापलेलं, ‘ॲलर्जी : नाही’.

खाली मेडिकलवर मी गोळ्या मागितल्या तेव्हा आईने काउंटरवर हात ठेवून विचारलं, “यात पेनिसिलिन नाही ना हो?”

दुकानातल्या माणसाने मान वर केली. “त्याच जातीची आहे, आजी. का?”

आईने पर्समधून वही काढली. दोनशे पानी, खाकी कव्हर, पाठ चिकटपट्टीने जोडलेली. आतल्या बाजूला लाल बॉलपेनने, आईच्या नाही, दुसऱ्याच कुणाच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : ‘पेनिसिलिन – रिॲक्शन. देऊ नये.’ खाली तारीख २००९ ची. व्हॉल्व्ह बसल्यावरही तो जुना ताप उलटू नये म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायचं असतं. एकदा त्या इंजेक्शनने आईच्या अंगावर गांध्या उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला. त्या दिवशी ड्यूटीवरच्या सिस्टरने वही मागून घेऊन स्वतः हे लिहिलं होतं.

मग सकाळी ‘नाही’ का म्हणालीस, असं मी जरा चिडूनच विचारलं. ती म्हणाली, “ॲलर्जी म्हणजे खाण्याची, धुळीची ना? मला वांग्याने काही होत नाही. इंजेक्शनची तर रिॲक्शन आली होती.”

तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिच्या पिढीच्या मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत. पण ते ‘नाही’ सकाळी साडेनऊला एका टेबलावर टाईप झालं आणि दुपारपर्यंत इकोच्या रिपोर्टवर, हृदयाच्या डॉक्टरांच्या पडद्यावर आणि दाताच्या चिठ्ठीवर जाऊन बसलं. तिघांनीही ते वाचलं असेल आणि खरं मानलं असेल, कारण ते छापलेलं होतं. आणि सोळा वर्षांपूर्वीची खरी गोष्ट पर्समध्ये होती, वही उघडेपर्यंत कुणालाच न दिसणारी. आईला घेऊन जाल तेव्हा हा प्रश्न तुम्हीच सोप्या शब्दांत विचारा : कधी कुठल्या गोळीने, इंजेक्शनने त्रास झाला होता का?

दुसऱ्या दिवसापासून मिरजेला फोन सुरू केले. चार दिवस ‘एमआरडीला जोडतो’ आणि मग रिंग. एमआरडी म्हणजे मेडिकल रेकॉर्ड विभाग, बहुतेक ठिकाणी तळघरात किंवा अगदी मागच्या इमारतीत असतो. पाचव्या दिवशी एक काका बोलले. आयपी नंबर, म्हणजे ॲडमिट पेशंटचा नंबर, मागितला. आमच्याकडे नव्हता. ॲडमिट झाल्याची तारीख? आईला एवढंच आठवत होतं की गणपती बसायच्या आठ-दहा दिवस आधी. २००८ ची गणेश चतुर्थी ३ सप्टेंबरला होती, म्हणजे ऑगस्टचा शेवटचा आठवडा. काका म्हणाले, “एवढ्यावर शोधता येईल. पण फोनवर नाही. अर्ज घेऊन या.”

नियम काय आहे ते मी आधी पाहून घेतलं. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम आहेत. पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने रेकॉर्ड मागितलं, तर मागणीची पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे. हॉस्पिटलने कागदपत्रं देणं बंधनकारक आहे असं मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ मध्येच म्हटलेलं आहे. पण याच नियमांत दुसरीही ओळ आहे. ॲडमिट पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचं. आमच्या ऑपरेशनला साडेसोळा वर्षं झाली होती, म्हणजे हक्काने मागावं असं आमच्याकडे काही उरलं नव्हतं. आहे का बघा, एवढीच विनंती. हे मनात ठेवून गेले, त्यामुळे तिथे आवाज चढला नाही, आणि त्याचा उपयोग झाला असं मला वाटतं.

१२ मार्च, होळीच्या आदला दिवस. पहाटे स्वारगेटहून एसटी. बरोबर आईच्या सहीचं अधिकारपत्र, आईचं आणि माझं आधार, नातं दिसावं म्हणून रेशनकार्डाची झेरॉक्स, आणि अर्जाच्या दोन प्रती. दोन प्रती न विसरता न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर मारून घ्यायचा. ती तुमची पोच.

अर्जाचे २०० रुपये भरल्यावर काकांनी सरळ सांगितलं की त्यांच्याकडे कॉम्प्युटर नंतर आला आणि एवढ्या जुन्या फायली नियमाप्रमाणे नष्ट केल्या आहेत. मी खुर्चीत बसूनच राहिले. मग तेच म्हणाले, “रजिस्टरं असतात पण. रजिस्टर आम्ही टाकत नाही.”

ॲडमिशनचं रजिस्टर निघालं. २५ ऑगस्टच्या पानावर आईचं नाव, वय ५१, गाव सांगली आणि आयपी नंबर. तो नंबर घेऊन काकांनी मला ऑपरेशन थिएटरच्या इन्चार्ज सिस्टरांकडे पाठवलं. थिएटर चालू होतं, दोन तास बाहेरच्या बाकावर बसले. तीनच्या सुमाराला सिस्टर कापडी बांधणीचं लांबट रजिस्टर घेऊन आल्या. शाईच्या रेघांचं पान, सर्जनचं नाव, भूलतज्ज्ञाचं नाव, सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ. आणि शेरा लिहायच्या रकान्यात व्हॉल्व्हच्या खोक्यावरचा मूळ स्टिकर. डिंक पिवळा पडला होता, एक कोपरा सुटला होता, पण कंपनी, मॉडेल, साईज २७ आणि सीरियल नंबर, सगळं लख्ख वाचता येत होतं. सिस्टरांनी तो सुटलेला कोपरा आधी अंगठ्याने दाबून बसवला आणि मगच मला फोटो काढू दिला. मला रडू आलं. आईच्या छातीत काय आहे त्याचं नाव सतरा वर्षांत मी पहिल्यांदा वाचत होते.

त्या पानाची सही-शिक्क्याची प्रत तिसऱ्या दिवशी कुरिअरने आली. म्हणजे ७२ तासांतच, जिथे त्यांच्यावर बंधनही नव्हतं.

जुना इको मात्र तिथे नव्हता. परत फिरताना सांगलीला उतरून फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्यांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर, तिथवर पाणी पोचलं नव्हतं. लोखंडी कपाटात आडनावाप्रमाणे लावलेली जाड कार्डं. आईचं कार्ड खरं तर नऊ कार्डांचा टाचलेला गठ्ठा होता. डॉक्टर म्हणाले, “रिपोर्टची झेरॉक्स ठेवायची सवय आहे मला. पेशंट हरवतात.” जानेवारी २०१० चा इको त्यात होता. सरासरी दाब ६. त्या कार्डावरही वरती लाल रेघ मारून पेनिसिलिन लिहिलेलं होतं. त्यांनी पैसे घेतले नाहीत, झेरॉक्सचे बावीस रुपये तेवढे खालच्या दुकानात दिले.

१७ मार्चला पुण्याच्या डॉक्टरांना दोन्ही कागद दाखवले. तेव्हा सहा, आता सात. त्यांनी मॉडेल आणि साईज लिहून घेतली आणि म्हणाले, “नळीचा इको नको. सहा महिन्यांनी साधा करू.” सगळ्या धावपळीचं फळ या एका वाक्यात मिळालं.

आता ती चुकीची नोंद. मला वाटलं पाच मिनिटांचं काम. काउंटर म्हणालं, ही नोंद डॉक्टरच बदलू शकतात. डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं, मागच्या भेटीची नोंद बंद झाली आहे, उघडत नाही. दोन खेपा झाल्या. शेवटी लेखी अर्ज दिला, बरोबर वहीच्या पानाची आणि सांगलीच्या कार्डाची झेरॉक्स जोडली. २४ मार्चला दुरुस्ती झाली. जुनी ओळ पुसत नाहीत, तिच्याखाली तारखेनिशी नवी ओळ घालतात. हे मला पटलं, कारण कुणी, कधी, काय बदललं ते दिसलं पाहिजे. पण दुरुस्तीनंतरची छापील प्रत मी तिथेच मागून घेतली आणि ‘नाही’ गेल्याची खात्री करूनच निघाले. तुम्हीही पहिल्या भेटीचा कागद घरी न्यायच्या आधी तिथेच वाचा. नाव, वय, ॲलर्जी, चालू गोळ्या आणि त्यांचे मिलिग्रॅम. त्याच दिवशी चूक दाखवली तर ती मिनिटात सुटते.

याच दरम्यान आभा नंबरचं काम काढलं. आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालं, त्यातला हा आपलं रेकॉर्ड जोडायचा चौदा आकडी नंबर. तो फुकट आहे, सक्तीचा नाही, आणि पाच लाखांच्या विम्याचं आयुष्मान कार्ड वेगळं. आमच्या कोपऱ्यावरच्या ई-सेवा केंद्रातही ही गल्लत होती. आधारच्या ओटीपीवर तो निघतो, पण आईच्या आधारला बाबांचा मोबाईल जोडलेला आणि ते सिम बंद झालेलं. त्यामुळे आधी आधार केंद्र, तेव्हा ५० रुपये लागले. भांडी घासून आईच्या बोटांचे ठसे उमटेनात, शेवटी डोळ्यांवर काम झालं. नवा नंबर लागायला आठ दिवस गेले. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी आभा निघाला.

मग हॉस्पिटलचं रेकॉर्ड जोडायला गेलो, ते जुळेना. आधारवर आईची जन्मतारीख १ जानेवारी १९५५, तिच्या वयाच्या कितीतरी लोकांची १ जानेवारीच असते. हॉस्पिटलात खरं साल १९५७. हॉस्पिटलात आधारप्रमाणे करून घेतल्यावर जुळलं. म्हणून नव्या ठिकाणी नाव नोंदवताना आधारवर जसं आहे तसंच नाव आणि साल सांगा, आणि फोनही तोच द्या.

आभामुळे जुने कागद आपोआप येत नाहीत, हे आधीच सांगते, कारण माझी तशीच समजूत होती. रेकॉर्ड एका जागी गोळाही होत नाही. ते ज्या त्या हॉस्पिटलातच राहतं. आपण फोनवर परवानगी दिली की दुसऱ्या डॉक्टरांना दिसतं, ती परवानगी ठराविक मुदतीची देता येते आणि परतही घेता येते. या व्यवस्थेत नसलेल्या दवाखान्यातलं काहीच येत नाही. सांगलीची नऊ कार्डं, स्टिकरचं पान आणि वहीची पानं मी फोनने स्कॅन करून स्वतः चढवली. चार संध्याकाळी गेल्या. प्रत्येकाचं नाव साल-महिना-दिवस या क्रमाने दिलं, म्हणजे यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते. आणि एका पानावर मोठ्या अक्षरात मुद्द्याचं तेवढं लिहिलं : व्हॉल्व्हचं मॉडेल आणि साईज, रक्त पातळ करायची गोळी, आयएनआर किती हवा, पेनिसिलिन नको, माझा फोन. त्याच्या तीन प्रती. पर्समध्ये, फ्रिजच्या दारावर, आणि शेजारच्या काकूंकडे. रात्री-अपरात्री माझा फोन बंद असला तर आभाच्या क्यूआर कोडचा काय उपयोग?

वहीतले आयएनआर चढवताना एक गोष्ट लक्षात आली. कॉम्प्युटरवर आलेख छान दिसतो, वर-खाली एका नजरेत कळतं. पण सप्टेंबर २०१९ ला आकडा १.६ वर का आला ते आलेखात नाही. वहीत त्या ओळीपुढे आईने लिहिलं आहे, ‘छावणीत चार दिवस गोळी संपली.’ ही टिपणं मी स्कॅनमध्ये मुद्दाम ठेवली आहेत.

२४ एप्रिल, गुरुवार. आदल्या दिवशीचा आयएनआर २.६. गोळी बंद न करता दाढ काढायची, असं दोन्ही डॉक्टरांनी बोलून ठरवलं. (हे आईपुरतं. कुणाचं ऐकून ही गोळी स्वतःच्या मनाने बंद किंवा कमी करू नका.) त्या दिवशी दातांच्या विभागात वेगळ्याच डॉक्टर होत्या. त्यांनी अँटिबायोटिकचं नाव टाईप केलं आणि पडद्यावर लाल चौकट आली. मागे बसलेल्या मलाही ती दिसली. त्यांनी हात थांबवला, आईकडे वळून विचारलं, “आजी, पेनिसिलिनची रिॲक्शन आली होती?” आई म्हणाली, “हो. २००९ ला.” त्यांनी दुसरं औषध लिहिलं. जी ओळ एका चुकीच्या शब्दाने तिघांना फसवत होती, तीच आता न ओळखणाऱ्या माणसाला थांबवत होती. सांगलीच्या कपाटातली लाल रेघ हे पुण्यात करू शकली नसती.

दाढ वीस मिनिटांत निघाली. टाके, रक्त थांबायचं औषध घालून चूळ, दोन तास तिथेच बसवून ठेवलं. खर्च ३,४०० रुपये.

२८ एप्रिलला पुन्हा आयएनआर. लॅबचा रिपोर्ट दुपारी फोनवर आला, २.९. आईला दाखवला. तिने चष्मा लावून आकडा वाचला, नवी वही काढली, तारीख लिहिली, २.९ लिहिलं, पुढे ‘दाढ काढली, डावी खालची’ असं लिहिलं. जुनी वही भरली म्हणून ही मी पाडव्याला आणली होती. कव्हरच्या आत मी लिहायला गेले तर तिने पेन मागून घेतलं. लालच हवं होतं तिला. घरात लाल पेन नव्हतं, मी खाली जाऊन घेऊन आले.